दहा सत्तेचाळीसची लॅब

"पाच मिनिटं. फार तर सहा," कौस्तुभ सामंत म्हणाला. "यापुढे बायोइन्फॉर्मेटिक्सचं प्रॅक्टिकल पाच मिनिटांत सुरू होणार. लिहून ठेवा."

कुणी काही लिहून ठेवलं नाही. स्टाफरूममध्ये दोनच माणसं होती आणि दोघंही डबा खात होती. पण समोर किती माणसं आहेत ते बघून आवाज कमीजास्त करायची कौस्तुभची पद्धत नव्हती. दोघांसमोरही तो दोनशेंना ऐकू जाईल असंच बोलायचा.

बढाई अगदीच पोकळ नव्हती, हे त्याच्या बाजूने आत्ताच सांगून टाकतो. पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही उरणार नाही.

भाईंदर पश्चिमेच्या एका कॉलेजात तो शिकवायचा. विषय असा, की जिवांच्या पेशींमधली माहिती अक्षरांच्या लांबलचक ओळींत उतरवायची आणि या ओळी संगणकावर एकमेकींशी ताडून बघायच्या. विषय गोड आहे हो. पण त्याची सॉफ्टवेअरं म्हणजे लग्नातले मानकरी, एकाला पुढे बसवलं की दुसरा रुसतो. वीस संगणकांवर पंधरा-पंधरा प्रोग्रॅम चढवता चढवता दरवर्षी पहिला महिना संपायचा. एका मुलाने तर जर्नलवर विषयाचं नाव 'इन्स्टॉलेशन' असंच लिहिलं होतं.

म्हणून कौस्तुभने गणपतीच्या सुट्टीत एक संगणक नीट सजवला. सगळे प्रोग्रॅम आत, सरावाची माहिती आत, सूचना मराठीत आणि इंग्रजीत. मग त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्या एकोणीस संगणकांवर उतरवली. या प्रकाराला त्याने नाव दिलं 'बायोथाळी'. "ताट वाढलेलं आहे, फक्त हात धुऊन बसा," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. सिल्व्हर पार्कमधल्या त्याच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही त्याने ते समजावलं होतं.

वर थाळीला एक कुलूप. म्हणजे मुलांनी संगणकात कितीही धुडगूस घातला, तरी तो एकदा बंद करून चालू केला की मधलं सगळं पुसून जायचं आणि थाळी पुन्हा पहिल्या दिवसासारखी कोरी. हे कुलूप काढायचं तर पासवर्ड हवा. तो फक्त कौस्तुभकडे.

लॅबच्या उद्घाटनाला दसऱ्याचा दिवस ठरला. कॉलेज दाजीशेठांचं. त्यांच्या घराण्याने पूर्वी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात आणि मीठ पिकवलं, आता इमारती पिकवतात. मुहूर्तावर त्यांचा फार भरवसा. गुरुजींनी सकाळी दहा सत्तेचाळीसचा मुहूर्त काढून दिला.

"पाव्हणं येतील तवा येतील," दाजीशेठ म्हणाले, "पन फोटोत घड्याळ दहा सत्तेचाळीसच दिसाया पायजे. फोटो हापिसात लागनार हाय."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कौस्तुभ म्हणाला, "शेठ, माझ्यावर सोडा." आणि त्याने थाळीत एक छोटीशी आज्ञा लिहून टाकली: संगणक कधीही चालू होवो, त्याने घड्याळ दसऱ्याच्या तारखेवर आणि दहा सत्तेचाळीसवर लावायचं. पाहुणे दीड वाजता आले. तोवर जिलबी पार गार झाली होती. पाहुण्यांनी बटण दाबलं, वीस पडदे उजळले आणि विसांवर दहा सत्तेचाळीस. दाजीशेठांनी कौस्तुभच्या पाठीवर असा हात मारला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

कुलूप मात्र घाईघाईत लागलं होतं. पाहुण्यांची गाडी गेटात शिरतेय असा निरोप आला आणि कौस्तुभने मनात येईल तो पासवर्ड ठोकला. तो काय होता, हे पाहुण्यांची जिलबी खाऊन व्हायच्या आत तो विसरला.

घोडं पेंड खायला लागलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. संगणक सुरू केले, विसांवर पुन्हा कालचा दसरा. आणि तारीख चुकीची असली की इंटरनेटवरची ठिकाणं दार उघडत नाहीत. त्यांना वाटतं, कुणीतरी लबाड आलाय. कौस्तुभने बायकोचं नाव टाकून पाहिलं, मुलीचं टाकलं, स्वतःचं तीन तऱ्हांनी टाकलं. कुलूप हलेना. खरं तर इलाज सरळ होता. चूक कबूल करायची, चार दिवस लॅब बंद ठेवायची, सगळं नव्याने चढवायचं. पण पाच मिनिटांच्या बाता मारून झाल्यावर चार दिवस कुठल्या तोंडाने मागायचे?

त्याने विसांची घड्याळं हाताने बरोबर केली आणि मेन स्विचशेजारी कागद चिकटवला: 'संगणक बंद करू नये. कधीही. हुकमावरून.' घड्याळ बरोबर, इंटरनेट चालू, बंद करायचं नाही म्हणजे पुसायचा प्रश्न नाही. वर इन्व्हर्टर होताच. दिवाळीच्या सुट्टीत निवांत निस्तरू, असं त्याने स्वतःला सांगितलं. दिवाळीत तो बायकोच्या, ममताच्या माहेरी कुडाळला गेला आणि तिथे आठ दिवस फराळ निस्तरत बसला.

हा कागद मनापासून पाळला एकाच माणसाने. लॅब अटेंडंट बबन भोईर, सगळ्यांचे बबनमामा, मुर्धे गावचे. संध्याकाळी ते फक्त पडदे मालवायचे, आतली यंत्रं चालू. देवापुढची अखंड समई सांभाळावी तसे ते वीस संगणक सांभाळत होते. दिवाळीच्या सुट्टीतही दिवसाआड येऊन डोकावून जायचे.

"मामा, सुट्टीत कशाला येता?" शिपाई विचारायचे.

"सरांनी लिवलंय ना, कधीही. मंग दिवाळी त्यात आली."

आणि त्यांचं स्वतःचंही एक कारण होतं. त्यांची मुलगी भाविका याच कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, कौस्तुभच्याच हाताखाली. चौदा नंबरच्या संगणकावर तिचा प्रोजेक्ट चालू होता. खारं पाणी सोसणारा भात. एके काळी तिच्या घरच्यांनीही खाजणात असलाच भात लावला होता. इंटरनेटवरून तिने भाताच्या साठ जातींची माहिती गोळा केली होती, त्यांतला खारेपणा सोसणारा तुकडा शोधून एकमेकांशी ताडला होता, कोण कुणाच्या जवळचा याचा वंशवृक्ष काढला होता. दोन महिने रोज वर्ग सुटल्यावर ती तिथे बसायची. बबनमामा दाराशी स्टुलावर बसून राहायचे. पोरगी काय करतेय ते त्यांना कळायचं नाही, पण ती करतेय एवढं दिसायचं आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

डिसेंबरात कौस्तुभने घाट घातला कार्यशाळेचा. आसपासच्या चौदा कॉलेजांतले प्राध्यापक यायचे होते, बायोथाळी बघायला. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून डॉक्टर क्षितिजा मॅडम यायच्या होत्या. त्या आपल्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात दोन महिने एका विद्यार्थ्याला काम शिकायला घेणार होत्या. जागा एकच. दुपारी तीन मुलं आपापलं काम दाखवणार आणि मॅडम त्यांतून एकाला निवडणार. त्या तिघांत भाविका होती.

"सर, माझ्या कामाची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊ?" तिने चार दिवस आधी विचारलं.

"पेनड्राइव्ह? या लॅबमध्ये?" कौस्तुभने व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्हवर बंदी घातली होती.

"मग मेल करू?"

"अगं, राहू दे. मी स्वतः माझ्या लॅपटॉपवर घेऊन ठेवतो. तू बोलायची तयारी कर."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. कारण वीसही यंत्रांत काय भरलंय आणि ते कशाने पुसतं, हे त्या कॉलेजात त्याच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या चार दिवसांत छातीवर लावायचे बिल्ले आले, त्यात त्याच्या नावात चूक निघाली. मग बॅनर आला, त्यात त्याचा फोटो लहान निघाला. या दोन राष्ट्रीय संकटांत कॉपी राहून गेली.

कार्यशाळेचा दिवस उजाडला. सकाळचं सत्र म्हणजे कौस्तुभ. तो बोलला, हसला, हसवलं, थाळीतला एकेक पदार्थ वाढून दाखवला. माणसं माना डोलवत होती. क्षितिजा मॅडम वहीत काहीतरी लिहून घेत होत्या, आणि कुणी लिहून घेतलं की कौस्तुभला दहा हत्तींचं बळ येतं. जेवायला पाच मिनिटं उरली असताना विरारच्या एक तरुण प्राध्यापिका, रुचिता मॅडम, उभ्या राहिल्या.

"सर, छान आहे हे. पण मुलं सेटिंग बिघडवतात ना. आमच्याकडे तर रोज काहीतरी उडवून ठेवतात. त्याचं काय करायचं?"

कौस्तुभच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं काही हा प्रश्न त्यानेच पैसे देऊन विचारायला लावला होता.

"मॅडम, खरी गंमत तर तिथेच आहे. बिघडवू दे. सगळं बिघडवू दे. बघा आता."

आणि तो मेन स्विचकडे निघाला. स्विचपाशी बबनमामा उभे होते. दोन महिने तिथे त्यांनी कुणाला फिरकू दिलं नव्हतं. ते पुढे झाले.

"सर, न्हाय. सर, त्या चौदा नंबरमंदी..."

"मामा, मधे बोलू नका. पाहुणे आहेत."

"पन सर, कागद..."

कौस्तुभने कागद फाडून खिशात घातला आणि स्विच खाली ओढला. वीस यंत्रं एकदम गप्प झाली. लॅबमध्ये इतकी शांतता दोन महिन्यांत पहिल्यांदाच झाली होती. त्याने मनात दहा आकडे मोजले आणि स्विच वर केला. दोन मिनिटांत वीस पडदे उजळले, कोरे करकरीत, पहिल्या दिवसासारखे.

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, घड्याळ चुकलंय. दहा सत्तेचाळीस दाखवतंय, तारीखही दसऱ्याची."

"आमच्या लॅबमध्ये नेहमीच शुभमुहूर्त असतो," कौस्तुभ म्हणाला, आणि आता हशा पिकला, टाळ्या आणखी जोरात झाल्या. तो वाकून नमस्कार करत होता. वाकता वाकता त्याची नजर बबनमामांकडे गेली. मामा टाळ्या वाजवत नव्हते. ते चौदा नंबरकडे बघत होते.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जेवणात पुरणपोळी होती. त्याने तिचा एक तुकडा मोडला आणि तो पंधरा मिनिटं ताटात फिरवत बसला.

अडीचला भाविका आली. निळा ड्रेस, हातात टिपणांचे चार कागद. चौदा नंबरसमोर बसली, माऊस हलवला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मान वळवून कौस्तुभकडे पाहिलं.

"सर, माझं फोल्डर?"

बत्तीस प्राध्यापक, क्षितिजा मॅडम आणि दाजीशेठ, सगळे त्याच्याकडे बघत होते. 'मी पुसलं' हे दोन शब्द. चार अक्षरं. बायोथाळीवर अडीच तास बोललेल्या माणसाला ते जमले नाहीत.

"सेव्ह केलं होतंस ना नीट?" तो म्हणाला.

भाविकाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बबनमामा खाली मान घालून स्टुलाचा पाय निरखत होते.

"केलं होतं, सर. बहुतेक," ती म्हणाली.

मग ती उठली, फळ्यापाशी गेली आणि आठवेल तसा वंशवृक्ष खडूने काढायला लागली. साठांतल्या चाळीस जाती तिला आठवल्या. कुणी पुरावा विचारला की ती म्हणायची, "होता, पण आत्ता दाखवता येत नाही." क्षितिजा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला विषय कळलाय. पण काम दिसल्याशिवाय मी निवडू शकत नाही ना. एक कॉपी ठेवायची सवय लाव." जागा वसईच्या एका मुलाला मिळाली.

त्यानंतर कौस्तुभचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, शिवाय दाजीशेठांच्या हस्ते त्याचाच मोठा केलेला फोटो.

घरी ममताने नारळ हातात घेऊन खळखळ वाजवून बघितला. "चांगला भरलेला आहे. कशाबद्दल मिळाला?"

कौस्तुभने सगळं सांगितलं. एवढं खरं आणि एवढ्या हळू आवाजात तो लग्न झाल्यापासून बोलला नव्हता. ममता ऐकत होती. शेवटी तिने नारळ ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे त्या पोरीला वाटतंय की तिची चूक झाली."

"हो."

"आणि तू तसं वाटू दिलंस."

ममताने नारळ त्या आठवड्यात फोडला नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तो ओट्यावर राहिला आणि चहा करायला गेलं की कौस्तुभला दिसत राहिला. कॉलेजात बबनमामा रोज "गुड मॉर्निंग, सर" म्हणत होते, पूर्वीसारखंच. ते न म्हणते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

तिसऱ्या रविवारी तो सकाळी उठून मुर्ध्याला निघाला. "गाव के अंदर तक छोडू क्या?" रिक्षावाल्याने विचारलं. तो नाक्यावरच उतरला. बोलायची वाक्यं अजून जुळत नव्हती, तेवढंच चालणं मिळेल.

बबनमामा दारात स्कूटर धूत होते. "या सर, या. आज हिकडं कुठं?" त्यांनी घाईने खुर्ची आणली, फडक्याने पुसली. कौस्तुभ बसला नाही.

"मामा, भाविकाचं काम तिच्या चुकीने गेलं नाही. मी घालवलं. मला माहीत होतं स्विच बंद केला की काय होतं. कॉपी घ्यायचीही मीच म्हणालो होतो. आणि वर सगळ्यांसमोर तिलाच विचारलं."

बबनमामांनी फडकं पिळलं. "मना ठावं हाय, सर. मी व्हतो ना तिथं."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाही?"

"तुमालाच बोलाया आलतो. तुमी म्हनलां, मधी बोलू नका."

कौस्तुभने विचारलं, "आणि भाविकाला?"

"तिला न्हाय सांगितलं. अजून दीड वरीस तुमच्या हाताखाली शिकायचं हाय पोरीला. सरांवरचा इश्वास गेला तं शिकंल कशी?"

कुणी शिव्या दिल्या असत्या, तर त्यांची उत्तरं कौस्तुभ वाटेत पाठ करून आला होता. हे त्या पाठांतरात कुठेच नव्हतं. त्याला रडू आलं आणि ते लपवायचं कसं हेही सुचेना, म्हणून तो अखेर त्या पुसलेल्या खुर्चीवर बसला.

भाविका चहा घेऊन बाहेर आली. कप त्याच्या हातात देत म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. मी तेव्हा व्हरांड्यातच तयारी करत होते. टाळ्या ऐकून खिडकीतून बघितलं, तर सगळे पडदे दसऱ्यावर गेले होते."

बबनमामा तिच्याकडे बघतच राहिले. कौस्तुभने विचारलं, "मग तू मला फोल्डर का विचारलंस?"

"वाटलं, तुम्ही कॉपी घेतली असेल. तुम्ही म्हणाला होतात."

"आणि 'बहुतेक' का म्हणालीस? सरळ सांगायचं होतंस."

"एवढे लोक होते, सर. त्यात तुमचा सत्कार व्हायचा होता."

चहा चांगला होता. कौस्तुभने कप तसाच हातात धरला. तो म्हणाला की क्षितिजा मॅडमना तो सगळं खरं लिहून कळवील, उद्याच. जागा आता गेलीच होती, पण निदान चूक कुणाची ते त्यांना कळेल. दाजीशेठांनाही सांगेल. लॅब चार दिवस बंद ठेवून सगळं नव्याने चढवील. भाविका म्हणाली, "चालेल, सर." तिने प्रोजेक्ट पहिल्यापासून करायला घेतला होता, केबिन रोडवरच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. साठांतल्या बावीस जाती झाल्या होत्या.

"आणखी काही करू शकतो का मी?" त्याने विचारलं.

"एक काम होतं, सर." ती म्हणाली. "पुढच्या वर्षासाठी मला गाइड बदलून हवेत."

बबनमामा "अगं" म्हणाले. कौस्तुभने त्यांना हातानेच थांबवलं. "बरोबर आहे. अवश्य. अर्ज मी स्वतः लिहून देतो."

"अर्ज लिहिलाय, सर. तुमची सही तेवढी हवी."

तिने आतून कागद आणला. व्यवस्थित, नेटक्या अक्षरात लिहिलेला, कुणाबद्दल वावगा शब्द नाही. कौस्तुभने कप खाली ठेवला, कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली. कागद परत देताना काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि मास्तरकी सुटत नाही म्हणून, त्याने विचारलं, "याची एक कॉपी ठेवलीस ना?"

"तीन ठेवल्यात, सर," भाविका म्हणाली.